एक लाख तीन आणि वाळूचा वाटा

डहाणूच्या बाजारात मी भाजी घ्यायला उभी राहिले की अजूनही एखादा केस पिकलेला गृहस्थ तोंडातली विडी चटकन पाठीमागे लपवतो आणि म्हणतो, "बाई, बरं आहे ना?" मी म्हणते, "माझं बरं आहे. ती विडी आधी टाक, हाताला चटका बसेल." यावर माझी वांगी तोलणाराही हसतो, कारण तोही माझाच विद्यार्थी. मराठीच्या बाईंना मुलं मोठेपणी कविता लिहून पाठवतात. गणिताच्या बाईला बघून रस्ता ओलांडतात. चालायचंच.

पण नोकरीत मी जेवढी मजा केली, तेवढी त्या मराठीच्या बाईंनी केली असेल असं मला वाटत नाही. बाहेरच्यांना वाटतं, गणिताची बाई म्हणजे हौदाचे नळ मोजणारी. एक नळ हौद भरतो, दुसरा रिकामा करतो, तर हौद किती वेळात भरेल? ज्या पाड्यात उभ्या वस्तीला मिळून एक विहीर, तिथल्या मुलांना मी हे नळ शिकवले आहेत. त्यांतला एकजण म्हणाला होता, "बाई, दुसरा नळ बंद का नाय करत?" मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. आमचा खरा धंदा वेगळाच असतो. आकडा दिसला की मुलाच्या पोटात जो गोळा येतो, तो घालवायचा. बाकी उदाहरणं मुलं आपापली सोडवतात.

माझी पहिली नेमणूक तलासरीला झाली. लग्न व्हायचं होतं, अंगात रग होती आणि पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत सगळे पाढे तोंडावर होते. वर्गात अर्धी मुलं घरी वारली बोलणारी, काही गुजराती, आणि मराठी सगळ्यांनाच थोडी थोडी येणारी. लखमा नावाचा एक मुलगा एक दिवस शेळीचं करडू बगलेत मारून वर्गात आला. घरी कोणी नाही, कोल्हा नेईल, म्हणून आणलं म्हणाला. मी बाहेर बांधायला लावलं आणि सहज चार प्रश्न विचारले. बाप रे! ते करडू काय खातं, काय हुंगून सोडून देतं, कोणाच्या हाका ऐकतं, कशाला घाबरतं, सगळं त्याला ठाऊक. पाटीवरच्या आकड्यांकडे मात्र तो गावात आलेल्या फौजदाराकडे बघावं तसा बघे. माझ्या मनात आलं, हा पोरगा ज्याला पाळतो, त्याला ओळखतो. मग याला आकडाच पाळायला द्यावा.

मी त्याला पासष्ट हजार पाचशे छत्तीस दिला. त्याच्या शेजारी बसणाऱ्या सोमीला त्याच्यापेक्षा फक्त दोनने मोठा, पासष्ट हजार पाचशे अडतीस. म्हटलं, "हे तुमचं जनावर. याला काय चालतं, काय चालत नाही, ते शोधून मला सांगा." चार दिवसांनी लखमा धावत आला. "बाई, याचा अर्धा केला, त्याचा अर्धा केला, त्याचाही अर्धा केला. कुठं अडलाच नाय! पार एकवर आला!" शेळी व्याल्यावर सांगावं तसं तो सांगत होता. सोमीचा आकडा मात्र एकदा निम्मा झाला आणि अडून बसला. ती हिरमुसली, पण सोडते कसली! तिने त्याला तीनने फोडला, पुन्हा तीनने फोडला, मग अकराने. "शेजारी शेजारी राहतात, पण सोभाव वेगळा," ती म्हणाली. मला एवढा आनंद झाला की मी दोघांना गूळ दिला.

लखमा चौथीनंतर शाळेत आला नाही. पुढे त्याचा पत्ता लागला नाही, याची रुखरुख मला आहे. असा पोरगा हातून सुटतो आणि आपण निमूटपणे हजेरीवर रेघ मारतो.

लग्न करून डहाणूला आले. यजमान रेल्वेत तारमास्तर. मला हायस्कूलमध्ये आठवीचं गणित मिळालं आणि आकडे पाळायची ही माझी रीत मी सोबत आणली. दर वर्षी शाळा सुरू झाली की प्रत्येकाला एक मोठी संख्या द्यायची. दिवाळीपर्यंत तिचा स्वभाव शोधायचा, आणि मग एका शनिवारी तिला वर्गासमोर आणायचं. मुलगी बघायला आल्यासारखे बाकीचे प्रश्न विचारणार. कोणाचा भाग जातो, वर्ग आहे का, अंकांची बेरीज किती, उलटी लिहिली तर काय होतं. माझा नियम एकच. मी आधी काही सांगणार नाही, आणि कोणालाही नंतर आकडा बदलून मिळणार नाही. मुलीच्या बापाला जसं स्थळ, तसा यांना आकडा.

हेडमास्तर सज्जन, पण घाबरट. म्हणाले, "बाई, हे अभ्यासक्रमात कुठे बसतं?"

"सर, पळणंही अभ्यासक्रमात नाही. तरी मधल्या सुट्टीत मुलं पळतात ना?"

"इन्स्पेक्टर आले तर काय सांगू?"

"त्यांनाही एक आकडा देऊ."

ते हसले आणि गेले. माझी वाट मोकळी झाली.

नवे पैसे नुकतेच रुळले होते, त्या सुमाराची ही आठवी. वर्गात नवीनचंद्र नावाचा एका गुजराती किराणा दुकानदाराचा मुलगा होता. गोरागोमटा, गोल, बोलका. त्याला मी सात लाख वीस हजार सातशे वीस दिला होता. या संख्येला दोनने भाग जातो, तीनने जातो, चार, पाच, सहा, असं करत थेट सोळापर्यंत सगळ्यांनी जातो. तिच्यातली एक गंमत तुम्हीही करून बघा. मनातले कोणतेही तीन अंक लिहा, पुढे तेच तीन पुन्हा लिहा. जी संख्या होईल तिला सातने, अकराने आणि तेराने भाग जाणार म्हणजे जाणारच. कारण तीन अंक दोनदा लिहिणं म्हणजे त्यांना एक हजार एकने गुणणं, आणि सात गुणिले अकरा गुणिले तेरा बरोबर एक हजार एक. चहा निवेपर्यंत होतं.

नवीनने आपला शनिवार गाजवला. एकेक भाग जाई तसा त्याचा आवाज चढे. शेवटी त्याला मराठी पुरेना. "बेन, आ तो बधाने आपे छे!" हा तर सगळ्यांना देतो! सतराला गाडी अडली, पाच उरले, पण तोवर टाळ्यांचा कडकडाट झाला होता.

त्या टाळ्यांत एक मुलगी टाळी वाजवत नव्हती. जानकी. नरपडहून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत शाळेला यायची. बाप दर्यात गेला तो परत आला नव्हता, ती लहान असतानाच. आई, रेवाबाय, डोक्यावर पाटी घेऊन डहाणूच्या बाजारात मासळी विकायची. जानकी वर्गात बोलायची कमी, पण एखादं उदाहरण दातांत धरलं की सोडायची नाही. म्हणून तर मी तिला एक लाख तीन दिला होता.

सांगून टाकते. एक लाख तीनला कशानेच भाग जात नाही. एकने जातो आणि त्याच्या स्वतःने जातो, बस. अशांना मूळ संख्या म्हणतात. सहा अंकी संख्यांच्या दारात हा पहिलाच असा उभा आहे. दिसायला अगदी साधा, एक, मग शून्यंच शून्यं, शेवटी तीन. आणि हट्टी एवढा की विचारू नका. मी तो कोणा ऐऱ्यागैऱ्याला देत नसे. चिवट मूल दिसलं तरच.

वर्ग सुटल्यावर जानकी माझ्या टेबलाशी आली. "बाई, माझा आकडा बदलून द्या."

"नियम माहीत आहे ना? का बदलायचा?"

"सगळ्यांचे भाग जातात. माझा एकही जात नाही. मला भागाकारच येत नाही." आणि डोळ्यांत पाणी.

"सातने भाग दे बघू."

तिने फळ्यावर झरझर भागाकार केला. चौदा हजार दोनशे शहाऐंशी, बाकी एक. मी म्हटलं, "बरोबर."

"मग बाकी का उरली?"

"ते तू मला सांगायचं."

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, की माझी जीभ वळवळायला लागली. पण मी सांगितलं नाही. मुलाने शोधायचं ते बाईने सांगून टाकलं, तर मुलाच्या हातात काय राहतं? हिंग गेला आणि नुसता वास राहिला.

पुढच्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत रेवाबाय शाळेत हजर. डोक्यावर पाटी, पाटीत उरलेले ओले बोंबील, आणि तिच्या पाठोपाठ शाळेतली सगळी मांजरं. हेडमास्तरांनी नाकाला रुमाल लावला. तिने सरळ विचारलं, "आकडेवाली बाय कुठंय?" तिची बोली नरपडच्या मांगेल्या मच्छीमारांची, ती जशीच्या तशी मला लिहिता येणार नाही, म्हणून माझ्या मराठीत उतरवून सांगते. ती सगळ्या जगाला एकेरीत बोलायची, हेडमास्तरांनासुद्धा.

"बाय, पोरीला मी आता शाळेतून काढते. माझ्यासोबत पाटी घेईल."

"का हो रेवाबाय? एवढी हुशार मुलगी!"

"कसली हुशार! शाळा उघडल्यापासून भागते आहे, आणि रोज तिचं उरतंच आहे. त्या वाण्याच्या पोराचा आकडा बघ, सगळ्यांत जातो. हिला दिलास तो कसला? वर्षभर दाणे घालायचे आणि अंडं नाही, असली कोंबडी आम्ही कापून खातो."

"अहो, तो आकडा वाईट नाही. उलट फार मोलाचा आहे. सोन्यासारखा."

"सोनं वितळवलं तर दागिने होतात. ह्याचं काय होतं?"

"बरं, हिऱ्यासारखा म्हणा."

"हिरा विकता येतो."

मी घाम पुसला. "हे बघा, तो फुटत नाही, हाच त्याचा गुण आहे."

"फुटत नाही तो नारळ काय कामाचा?"

मागे शिपाई फिसकन हसला. सगळं खरं सांगून टाकलं असतं, 'रेवाबाय, तुमची मुलगी चुकत नाही, आकडाच तसा आहे,' तर कदाचित भागलं असतं. पण जानकी दाराआड उभी होती. तिच्या इतक्या दिवसांच्या मेहनतीवर मी एका वाक्यात बोळा फिरवला असता. आणि न सांगावं तर मुलगी जाते. लखमाच्या नावावरची रेघ माझ्या डोळ्यांपुढे आली. मी कसंबसं म्हटलं, "रविवारी मी नरपडला येते. तिथे बोलू."

"ये की," रेवाबाय म्हणाली, "बोंबील खायला घालते," आणि मांजरांसकट निघून गेली.

रविवारी यजमानांना सोबत घेऊन मी नरपडला गेले. सुरूच्या झाडांतून उतरून वाळूवर आलो तर ओहोटीच्या ओल्या पट्ट्यात जानकी ओणवी होऊन काठीने काहीतरी लिहीत होती. जवळ जाऊन बघते तर लांबच लांब भागाकार! एक लाख तीन भागिले एकशे एकोणपन्नास. माणूस चार पावलं टाकेल एवढा.

"अगं, वहीत का नाही करत?"

"वहीत जागा पुरत नाही, बाई. आणि इथे खोडावं लागत नाही. दर्या खोडतो."

"मग बाक्या कुठे लिहून ठेवतेस?"

तिने डोक्याला बोट लावलं. यजमान म्हणाले, "आमच्या तारखात्यात ही पाहिजे होती."

तेवढ्यात होडी लागली. वाटणी बघायची माझी पहिलीच वेळ. त्या होडीचे बारा वाटे होते. खलाशांचे, जाळ्यांचे, होडीचे, होडी हाकणाऱ्या तांडेलाचे. लहान मासळी टोपल्यांनी वाटतात, पण मोठा मासा मोजून. तांडेल एकेका ढिगावर मासा टाकत होता, आणि पहिला टाकताना 'एक' म्हणत नव्हता, 'लाभ' म्हणत होता. लाभ, दोन, तीन, चार, असं बारापर्यंत. मग पुन्हा लाभ. शेवटी पाच मासे उरले. बारा जणांना ते पुरणार नव्हते. त्याने ते उचलले आणि वर कोरड्या वाळूवर नेऊन ठेवले.

"ते कोणाचे?" मी विचारलं.

"वाळूचे," रेवाबाय म्हणाली. "उरलं ते वाळूचं. ज्या घरातलं कोणी दर्यात जात नाही, त्या घरच्या बायकांनी उचलायचं. जुनी रीत आहे, तांडेलाच्या आज्याच्या आधीची." ती आणि आणखी दोघी पुढे झाल्या. रेवाबायने दोन मासे उचलले, शेपटी धरून मला दाखवले. "आज बरं आहे. कधी कधी बरोब्बर वाटून जातं. मग आम्ही तिघी वाळू झाडत घरी." आणि स्वतःच खळखळून हसली.

आता माझी कमाल ऐका. मी गणिताची बाई. डोळ्यांदेखत भागाकार चाललेला, बाकीसकट. आणि मी काय करत होते? सुरूचा वारा किती छान लागतो, हे यजमानांना सांगत होते! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

बोंबील रेवाबायनेच तळले. आमच्या घरात मासळी नव्हती, पण यजमानांनी डोळे मिटून पहिला तुकडा तोंडात टाकला आणि पुढचे उघड्या डोळ्यांनी खाल्ले. त्या तळलेल्या बोंबलांच्या साक्षीने मी एक शनिवार मागून घेतला.

"येत्या शनिवारी तिची पाळी आहे. तुम्ही स्वतः या, मागच्या बाकावर बसा. नंतर तुम्हाला वाटेल ते करा."

रेवाबायने लेकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "येते. पण त्या दिवशी कळलं नाही काही, तर सोमवारी हिच्या डोक्यावर पाटी."

जानकी चुलीशी बसून ऐकत होती.

त्या आठवड्यात मी सबंध वर्गाला एकच गोष्ट शिकवली. कोणत्याही संख्येचे भाग शोधताना शेवटपर्यंत जायची गरज नसते. दोन आकड्यांच्या गुणाकारातून ती व्हायची असेल, तर त्यांतला एक तरी बेताचाच असतो. एक लाख तीनचं घ्या. तीनशे सतरा गुणिले तीनशे सतरा लाखाच्या बरंच पुढे जातात. म्हणजे तीनशे सोळापर्यंत कोणी सापडला नाही, तर पुढे सापडणारच नाही. आणि मधल्या आकड्यांतही फक्त मूळ संख्याच तपासल्या की पुरे. दोनने जात नाही तर चारने कसा जाईल? वर्गात मात्र उदाहरण मी मुद्दाम दुसऱ्याच संख्येचं घेतलं. पण जानकीचा चेहरा एकदम ताठ झाला, कान टवकारलेल्या सशासारखा. मी फळ्याकडे वळून हसून घेतलं.

शनिवार उजाडला. रेवाबाय आली. पाटी दाराबाहेर ठेवून मागच्या बाकावर बसली, पदर सावरून, एखाद्या पंचासारखी. हेडमास्तर सहज आल्यासारखे खिडकीशी उभे राहिले. जानकीने फळ्यावर आकडा लिहिला आणि हात पाठीमागे बांधले.

"याचं नाव एक लाख तीन. विचारा."

"दोनने?" पहिल्या बाकावरून.

"एक उरतो."

"तीनने?"

"एक उरतो."

"पाचने?"

"तीन."

नवीनला चेव आला. "तेराने?"

"सात."

"एकोणीसने?"

"सहा."

"तीनशे तेराने सांग!" त्याला वाटलं, आता सापडली.

"एकशे छप्पन्न."

नवीनने वहीत भागाकार केला. सगळा वर्ग त्याच्या पेन्सिलीकडे बघत होता. "छे!" तो म्हणाला, "एकशे छप्पन्नच!" आणि टाळ्या वाजायच्या आधीच जानकी बोलायला लागली. तिला थांबवतंय कोण!

"तीनशे तेराच्या पुढे बघायला नको. तीनशे सतराला तीनशे सतराने गुणलं तरच लाखाच्या पुढे जातं. मी सगळे मूळ आकडे लावून पाहिले. कोणाचाच भाग जात नाही. मला आधी वाटायचं मी चुकते. मी चुकत नव्हते. आकडाच तसा आहे. याचे कितीही वाटे करा, काहीतरी उरतंच."

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बारा वाटे केले तर?"

सगळ्यांनी वळून बघितलं. रेवाबाय उभी राहिली होती.

"सात उरतात, आई."

"सात? वाळूवर सात?"

"हो."

"आणि नव्या होडीसारखे पंधरा केले तर?"

जानकीने क्षणभर डोळे मिटले. "तेरा."

"तेरा!" रेवाबायने दोन्ही हात गालांवर ठेवले. "म्हणजे वाटेकरी किती का येईनात, वाळूवर काहीतरी राहतंच?"

"राहतंच. फक्त सगळा एकट्याचाच असला तर राहत नाही."

"एकट्याचं असलं की तो कशाला ठेवतोय!" रेवाबाय म्हणाली. "ते आम्हाला ठाऊक आहे."

"नाहीतर मग लाख आणि तीन माणसं आली तर प्रत्येकाला एकेक, आणि काही उरत नाही."

"एवढी माणसं नरपडला आली तर मासे जाऊ देत, आधी उभी कुठं राहतील!"

वर्ग खो खो हसला. हेडमास्तर खिडकीत हसत होते आणि रुमाल नाकाऐवजी डोळ्यांना लावत होते. रेवाबाय नवीनकडे वळली. "आणि काय रे, तुझा तो भरलेला आकडा. त्याचे बारा वाटे केले तर?"

"काही उरत नाही," नवीन बिचारा एकदम गुन्हेगारासारखा म्हणाला.

"पंधरा?"

"नाही उरत."

"मग तो तुझ्या दुकानातच ठेव. आमच्या वाळूवर चिंगूळसुद्धा पडायचं नाही त्याच्यातून." आणि लेकीकडे बोट करून, "असा आकडा लागला पाहिजे होडीला. रोज लागला पाहिजे!"

मला काय झालं ते सांगू? मला रडू आलं. हसता हसता आलं, पण आलं. इतकी वर्षं मी मुलांना बाकी खाली लिहायला शिकवत होते, एका कोपऱ्यात, लहान अक्षरात. तिच्यावर तीन घरांच्या चुली पेटतात, हे या दोघी मायलेकींनी मला शिकवलं.

रेवाबाय बाकांमधून पुढे आली. आवाज खाली आणला. "बाय, असला हा एकच आहे, का आणखी आहेत?"

"आणखी आहेत. पुष्कळ."

"मोठे?"

"कितीही मोठा मागा. त्याच्याही पुढे आहेच."

"संपत नाहीत?"

"नाही संपत. तुम्हाला ठाऊक असलेले सगळे मूळ आकडे एकमेकांना गुणा आणि वर फक्त एक टाका. मग त्यांतला कोणीही वाटायला बसू दे, तो वरचा एक उरतोच. म्हणजे तुमच्या माहितीबाहेरचा आणखी एखादा कुठेतरी असलाच पाहिजे."

हे तिला कितपत कळलं, देव जाणे. पण 'एक उरतोच' एवढं तिने नीट ऐकलं. थोडा विचार केला, पदर खोचला, आणि निकाल दिला.

"मग शिकू दे पोरीला. संपले की मला सांग, तेव्हा काढते शाळेतून."

त्यानंतर बाजारात ती भेटली की ठरलेला प्रश्न. पाटीमागून ओरडून विचारायची, "बाय, संपले का गं आकडे?" मी भर बाजारात ओरडायची, "नाही अजून!" लोकांना वाटायचं, यांचं काहीतरी भिशीचं चाललंय. एकदा तिने माझ्या भाजीच्या पिशवीत एक पापलेट सरकवलं.

"अहो, हे काय?"

"सगळं खपलं, एक उरला. वाळूचा आहे."

"पण माझ्या घरी कमावता माणूस आहे, रेवाबाय. रेल्वेत आहे."

"दर्यात जातो का?"

"नाही."

"मग हा तुझाच," ती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. यजमान तोवर पापलेटला हात जोडण्याच्या पलीकडे गेले होते. ते मिटक्या मारत खात.

जानकी मॅट्रिक झाली, मग शिक्षकीचा कोर्स केला. तिला पहिली नेमणूक मिळाली ती तलासरीला. कागदावर गावाचं नाव वाचलं आणि मी तिला लखमाची आणि सोमीची सगळी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "बाई, पहिल्याच दिवशी आकडे देणार मी."

तिला पोचवायला रेवाबाय आणि मी, दोघीही एसटीच्या थांब्यावर गेलो होतो. ट्रंक वर चढली. पोरगी मात्र चढेना. आईच्या गळ्यात पडून रडत होती. "तू एकटी कशी राहशील? मी नाही जात. इथंच काहीतरी बघते." कंडक्टर घंटी मारून मारून कंटाळला.

रेवाबायने लेकीच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. तिचेही डोळे वाहत होते, पण आवाज बाजारातलाच, खणखणीत.

"बाय, संपले का?"

"नाही हो, रेवाबाय," मी म्हटलं. "अजून आहेत."

"ऐकलंस?" तिने जानकीला गळ्यातून सोडवलं आणि पायरीवर चढवलं. "बस मग गाडीत."